काट्याला नाव असते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘काही समाजकंटकांनी शहरातील शांतता भंग करण्याचा प्रयत्न केला’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी वाचले आहे. ते इतके सवयीचे झाले आहे की समाजकंटक म्हणजे नेमके कोण, हे आपण विचारतही नाही.

मे १९८४. भिवंडी आणि मुंबईत दंगल उसळली होती. आम्ही तिथून दूर, एका तालुक्याच्या गावी राहत होतो. मी तेव्हा शाळकरी होतो. सकाळी आमच्या ओट्यावर शेजारचे अण्णा मराठी वर्तमानपत्र घेऊन बसत आणि माझे अब्बा उर्दू. अण्णांच्या पेपरात ‘समाजकंटक’ होते, अब्बांच्या पेपरात ‘शरपसंद’. शर म्हणजे दुष्टावा. तो ज्याला पसंत, तो शरपसंद. एरवी तासभर गप्पा मारणारे ते दोघे त्या आठवड्यात चहा येईपर्यंत गप्प बसत. कारण मला पुष्कळ उशिरा उमगले. शब्दात नाव नव्हते. त्या रिकाम्या जागी अण्णांनी एक चेहरा बसवला होता आणि अब्बांनी दुसरा.

कंटक म्हणजे काटा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणाचे नावच ‘कंटकशोधन’, म्हणजे काटे शोधून काढणे. यात कोण कोण येतात? लबाडी करणारे कारागीर येतात, वजनमापात फसवणारे व्यापारी येतात. इतकेच नव्हे, तर राजाचे अधिकारी येतात आणि फिर्यादीला दरडावणारा न्यायाधीशही येतो. तिथला काटा मोघम नाही. कुणी काय केले म्हणजे किती दंड, हे लिहून ठेवले आहे. आपण शब्द घेतला, पण त्यातला शोध मात्र सोडून दिला.

दुसरा शब्द दंगेखोर. यातला ‘खोर’ फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो. त्याच हिशेबाने दंगेखोर म्हणजे दंगलीवर पोट भरणारा. हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो लगेच प्रश्न उभा करतो : दंगल विझल्यावर कुणाचे पोट भरले?

अर्थात, अस्वस्थता निर्माण करणारा प्रत्येक माणूस काटा नसतो. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात लोकमान्य टिळकांना असंतोषाचे जनक ठरवले. तो आरोप होता. आपण त्याची पदवी केली. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी ती मंडालेत भोगली. आपल्या लेखांची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही. राज्यकर्त्याला जाब विचारणारा आणि शेजाऱ्याच्या घरावर दगड मारायला लावणारा, या दोघांना एकाच शब्दात कोंबले की पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसरा सुटतो.

म्हणूनच चौकशी आयोगांचे मोल आहे. १९७०च्या भिवंडी, जळगाव व महाडच्या दंगलींसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. १९९२-९३च्या मुंबईतील दंगलींसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा. त्यांनी साक्षी घेतल्या आणि कुठे, केव्हा, कुणामुळे काय घडले, ते मांडले. मोघम शब्द त्यांना पुरला नाही.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ मला आठवते. एक माणूस घाईघाईने ओट्याशी आला आणि म्हणाला, ‘‘अण्णा, ऐकलंत का? पाण्यात विष कालवायचं ठरलंय म्हणे त्यांचं.’’ अब्बा आत दाराशीच उभे होते. अण्णांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारले, ‘‘त्यांचं म्हणजे कुणाचं? नाव सांग. आणि तुला कुणी सांगितलं, त्याचंही सांग.’’

माणूस घुटमळला, ‘‘सगळेच म्हणतात’’ असे पुटपुटला आणि निघून गेला. अब्बा बाहेर येऊन अण्णांच्या शेजारी बसले. त्या दिवशी चहा येण्याआधीच बोलणे सुरू झाले.

काटा काढायचा तर आधी तो कुठे आहे, ते पाहावे लागते. पुढच्या वेळी कुणी ‘समाजकंटक’ म्हणाले, की अण्णांसारखे एवढेच विचारावे : नाव काय?