कानस शिकवायला शिकताना

फिटरचं दोन वर्षांचं प्रमाणपत्र आणि वाळूज-चाकणकडचा थोडाफार अनुभव गाठीशी असला, की कानस चालवणं म्हणजे डाव्या हातचा मळ वाटायला लागतो. मग आयटीआयचा शिल्प निदेशक व्हायचं म्हणून माणूस सीआयटीएस नावाच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणाला जातो आणि पुढ्यात पुन्हा तोच माइल्ड स्टीलचा तुकडा येतो. बाजू सपाट करा, कोपरे 90 अंशांत आणा. फरक एवढाच, की या वेळी काम करता करता बोलायचं असतं. गाडी अडते ती तिथेच. हाताला सगळं येतं आणि तोंडाला काही सांगता येत नाही.

आम्हा बहुतेकांची पहिली सूचना ठरलेली असायची : ‘कानस सरळ चालवा.’ अरे, पण सरळ चालवायची कशी? स्ट्रोक सुरू होतो तेव्हा कानशीचं टोक जॉबवर असतं आणि मुठीकडचा सगळा भाग अधांतरी. म्हणून सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा दाब जास्त हवा. मध्यावर दोन्ही हात सारखे. पुढे सरकत टोक जॉबच्या पार गेलं, की जोर उजव्या हाताकडे यायला हवा. एवढ्याशा अंतरात दाबाची ही अदलाबदल जमली नाही, तर कानस तराजूच्या दांडीसारखी झुलते. कडा आधी झिजतात, मध्ये पोट राहतं. गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरला, की पोटाच्या दोन्ही अंगांनी पात्याखालून उजेड डोकावतो. मुरलेला फिटर हे सगळं करत असतो. पण आपण असं करतो याचा त्याला पत्ताच नसतो.

बाकीच्या गोष्टीही अशाच खणून काढाव्या लागतात. दाते फक्त पुढे जाताना कापतात, म्हणून मागे येताना दाब सोडायचा. व्हाइसची उंची कोपराएवढी. घासलेल्या जागेवरून बोट फिरवायचं नाही, कारण घामाचा ओशटपणा लागला की कानस तिथे घसरते. कीस फुंकायचा नाही, ब्रशने काढायचा. दात्यांत अडकू नये म्हणून कानशीला खडू घासायचा. तिरकं, आलटून-पालटून घासलं, की कुठे कापलं जातंय ते रेघाच सांगतात.

कामाचे असे तुकडे पाडून शिकवायची पद्धत मॉस्कोची. तिथल्या तांत्रिक शाळेचे व्हिक्टर देल्ला-वोस यांनी 1868 च्या सुमारास सोप्याकडून अवघडाकडे जाणारी सरावमाला बसवली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची जागा नि स्वतःची हत्यारं दिली. 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती मांडली गेली आणि अमेरिकेने उचलली. आपल्याकडे निदेशक घडवणारी केंद्रीय संस्था 1948 मध्ये बिलासपूरजवळ कोनी इथे निघाली. तेव्हा बिलासपूर आणि आमचा बुलढाणा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते.

त्याआधी आपल्याकडे शिकणं नव्हतं असं नाही. गावच्या लोहाराचा पोरगा आधी भाता ओढतो, मग सांडशी धरतो आणि घण त्याच्या हातात पुढे कधीतरी येतो. खामगावच्या चांदीकामाची ख्याती देशभर आहे. तिथेही हात कारागिराच्या शेजारी बसूनच बसतो. ती शाळा उत्तमच. पण तिला वर्षं लागतात, आणि एका गुरूपाशी वीस पोरं बसत नाहीत. आयटीआयच्या एका तुकडीत वीस असतात.

सरावपाठासाठी मी जिल्ह्यातल्या, घाटाखालच्या एका आयटीआयमध्ये उभा राहिलो. पोरं नेहमीसारखी समोर अर्धगोल करून थांबली. समोरून पाहणाऱ्याला शिकवणाऱ्याचा डावा हात स्वतःच्या उजव्या अंगाला दिसतो, म्हणून आधी सगळ्यांना माझ्या मागे आणि बाजूला घेतलं. प्रात्यक्षिकाचा क्रम असा : एकदा नेहमीच्या वेगाने, न बोलता. मग सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्यांदा मी घासायचं आणि सांगायचं त्यांनी. मगच कानस त्यांच्या हातात. तिसरी पायरी घाईत बरेच जण गाळतात. माझ्या मते खरा धडा तोच. पोराच्या तोंडून ‘आता डावा हलका’ असं निघालं, की पुढचं निम्मं काम झालेलं असतं.

उन्हाळ्यात त्या शेडमध्ये पारा चाळिशीपार असतो. माप जास्त भरलं, की ठरलेलं उत्तर येतं : “सर, उन्हानं फुगला असन जॉब.” हा हिशेब फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. मापं 20 अंश तापमानाला धरतात. 50 मिलिमीटरचा पोलादी तुकडा त्याहून 20 अंशांनी तापला, तरी वाढतो जेमतेम 0.012 मिलिमीटर. साध्या व्हर्नियरचं लघुतम मापच 0.02. म्हणजे ऊन निर्दोष, दोष हातात.

सीएनसीच्या जमान्यात कानस कशाला, असं पालक हमखास विचारतात. मशीनवरून उतरलेल्या जॉबची बर काढायला आणि डाय बसवायला आजही हातच लागतो. विचारायचंच असेल तर प्रवेशाच्या दिवशी दोन गोष्टी विचारा : इथल्या निदेशकांनी सीआयटीएस केलंय का, आणि माझ्या पोराला स्वतःचा व्हाइस मिळेल का.