प्रतिसाद-शीर्षकांचा वारसा : प्रॉक्सी सर्व्हरमधील दोषनिदान

मेहकर तालुक्यातील जानेफळ येथील एखादा विद्यार्थी आपली गुणपत्रिका संगणकावर मागवितो, तेव्हा ती मूळ सर्व्हरकडून थेट त्याच्यापर्यंत येतेच असे नाही. पुष्कळदा मध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, असतो. आणि त्याच्याही पुढे अनेकांना सामायिक असा साठा. मजकुराआधी ज्या सूचनावजा ओळी धाडल्या जातात, त्यांना प्रतिसाद-शीर्षके म्हणता येईल. ‘कॅश-कंट्रोल : प्रायव्हेट’ ही त्यांपैकी एक असून, हे उत्तर सामायिक साठ्यात ठेवू नये, असा तिचा अर्थ होय. ही ओळ गळाली, तर एकाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या पडद्यावर उमटण्याचा संभव उत्पन्न होतो. कारण विनंतीसोबत कुकी आहे, एवढ्यावरून साठवण वर्ज्य ठरत नाही.

ईगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसृत केलेल्या ‘एन्जिन-एक्स’मध्ये या गळतीची दोन कारणे संभवतात. पहिले वारशाचे. ‘ॲड-हेडर’ या आज्ञेने वरच्या स्तरावर लिहिलेले नियम खालच्या स्तरास लाभतात खरे. परंतु तेथे त्याच आज्ञेचा एकही नियम नसेल तरच. संपूर्ण सर्व्हरसाठी तीन शीर्षके लिहिली आणि गुणपत्रिकांच्या विभागात केवळ चौथे घातले, की पहिली तिन्ही तेथे लोपतात. नियमांची आपोआप बेरीज होत नाही. रचना व्याकरणदृष्ट्या शुद्ध असल्यामुळे दोषाची सूचनाही मिळत नाही.

दुसरे कारण स्थितिक्रमांकाचे. हे नियम २००, ३०१, ३०४ अशा ठराविक क्रमांकांच्या उत्तरांनाच लागू पडतात. ४०४ वा ५०० यांना नाही. तेथेही शीर्षक हवे असल्यास नियमाच्या अंती ‘ऑलवेज’ हा शब्द जोडावा लागतो. ‘अपाचे’मध्ये अडचण उलट आहे : ‘ऑनसक्सेस’ व ‘ऑलवेज’ हे दोन तक्ते स्वतंत्र असल्यामुळे एकच शीर्षक दोनदा जाऊ शकते.

निदान क्रमानेच करावे. एकच विनंती प्रथम मूळ सर्व्हरला, मग प्रॉक्सीला व शेवटी बाहेरून करून तिन्ही उत्तरांची शीर्षके ताडून पाहावी. ओळ जेथे प्रथम नाहीशी होते, तेथे दोष शोधावा. केवळ शीर्षके मागविणारी ‘हेड’ विनंती सोयीची असली, तरी काही सर्व्हर तिला ‘गेट’हून निराळे उत्तर देतात. यशस्वी पानाबरोबर न सापडणारे पानही तपासावे. दुरुस्तीनंतर जुना साठा काढून टाकणे अगत्याचे आहे. साठ्यातील उत्तर जुन्या शीर्षकांनिशीच जपलेले असते.

समान नियम एका स्वतंत्र फाइलीत ठेवून प्रत्येक विभागात ‘इन्क्लूड’ने आणल्यास वारशाचा प्रश्न सुटतो. तथापि उत्तर खासगी आहे की नाही, हे मूळ सर्व्हरच जाणतो. म्हणून ती सूचना त्यानेच लिहिणे अधिक श्रेयस्कर.