मोगॅम्बो अकोल्यात आला तर

'मिस्टर इंडिया' २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे त्याला आता चाळिशी येऊ घातली. चित्रपटधंद्याच्या नकाशावर अमरावती आणि अकोला आजही 'सीपी बेरार' सर्किटमध्ये मोडतात. सरकारी कागदांतून तो प्रांत १९५० सालीच गेला, वितरकांच्या हिशेबात मात्र अजून नांदतो आहे. या सर्किटमध्ये मोगॅम्बो कोण हे ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. पण हा चित्रपट कशाबद्दल आहे, असं विचारलं तर उत्तरं फुटतात. कोणी म्हणतं, गायब होणाऱ्या माणसाबद्दल. कोणी दहा अनाथ लेकरांचं नाव घेतं, कोणी श्रीदेवीच्या नाचांचं, कोणी डाळीतल्या खड्यांचं, आणि शेवटी चार क्षेपणास्त्रं आठवतात. प्रत्येक उत्तर बरोबर आहे. सगळी मिळून एक उत्तर होत नाही, ही अडचण आहे. शेखर कपूर यांचं दिग्दर्शन आणि सलीम-जावेद यांची पटकथा असलेल्या या चित्रपटाच्या हातात एक विलक्षण सूत्र होतं. ते त्यानं अर्ध्या वाटेवर सोडून दिलं. ते परत पकडायचं तर कथानक कुठे मोडावं लागेल, कुठे नुसतं वळवलं तरी भागेल, याचा हा विचार आहे.

सुपरहिरोच्या गोष्टीला एकसूत्रता येते ती नायकाची शक्ती आणि लोकांचं दुखणं एकाच मुळातून फुटतात तेव्हा. क्रिस्टोफर नोलन यांचा २००५ सालचा 'बॅटमन बिगिन्स' घ्या. लहानपणी विहिरीत पडून वटवाघळांना भ्यालेला मुलगा पुढे त्याच भीतीचा पोशाख करतो; खलनायकांपैकी एकजण भीती उत्पन्न करणारा विषारी वायू वापरतो; आणि संकट येतं ते सगळं शहर भीतीनं वेडं होण्याचं. एकच गोष्ट नायकात, खलनायकात आणि शहरात फिरत राहते. बेसिल जोसेफ यांच्या 'मिन्नल मुरली' या २०२१ सालच्या मल्याळम चित्रपटात तर हे आणखी साधेपणानं साधलं आहे. एका शिंप्यावर आणि चहाच्या दुकानात राबणाऱ्या एका उपेक्षित माणसावर एकाच रात्री वीज पडते. शक्ती दोघांना सारखीच मिळते. गाव कोणाला आपलं म्हणतं आणि कोणाला वेडा ठरवतं, एवढ्यावरून एक नायक होतो आणि दुसरा खलनायक. त्या चित्रपटात मारामारी भरपूर आहे, पण ती कशासाठी चालली आहे हे एका क्षणालाही विसरायला होत नाही.

हे तंत्र परदेशातून किंवा केरळातून शिकायची मराठी माणसाला खरं तर गरज नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला भीमकुंड आहे, जवळच वैराट नावाचा डोंगर आहे आणि भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत फेकलं अशी लोककथा आहे. विराटपर्वातली ही गोष्ट आजच्या नजरेनं वाचली तर पुरती सुपरहिरोची आहे. पांडवांचं अज्ञातवासाचं वर्ष चालू आहे. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास, ही अट डोक्यावर आहे. गदाधारी भीम बल्लव नावानं राजाच्या मुदपाकखान्यात फोडण्या देतो आहे, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आहे. राणीचा भाऊ कीचक तिच्या अंगावर हात टाकतो, ती भर दरबारात दाद मागते आणि कंक झालेला युधिष्ठिर तिला शांत राहायला सांगतो. रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे जाते. लपलेली ओळख, बाहेर न काढता येणारी ताकद आणि अट मोडल्याशिवाय न मिळणारा न्याय, हा सगळा ऐवज तिथे तयार आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९०७ साली 'कीचकवध' रंगभूमीवर आणलं, तेव्हा त्यांनी ही घटना बदलली नाही, तिचा गुरुत्वमध्य हलवला. मूळ कथेत अज्ञातवासाची अट ही पणाला लागलेल्या वचनाची बाब आहे. खाडिलकरांच्या हाती ती राजकारणाचा प्रश्न झाली: धोरण म्हणून अपमान किती काळ गिळायचा? मग कीचकात कर्झन दिसू लागला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारालाही हा अर्थ स्वच्छ कळला आणि १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. ज्या अमरावतीत १८९७ साली काँग्रेस भरली होती आणि जिथले दादासाहेब खापर्डे टिळकांचे जिवाभावाचे सहकारी होते, तिथे हा वाद कोणाला समजावून सांगावा लागला असेल असं वाटत नाही. यावर कोणी म्हणेल की हे नुसतं रूपक झालं, अमुक म्हणजे तमुक. पण रूपकाचा आधार गेला की रूपक कोसळतं. कर्झन आज कोणाच्या डोळ्यांपुढे नाही, तरी दरबारात दाद मागणारी बाई आणि 'वेळ येऊ दे' म्हणणारा शहाणा नवरा ही जोडी अजून जाळते. खाडिलकरांनी कर्झनला वेष चढवला, हे खरं असलं तरी अपुरं आहे. त्यांनी आधी प्रश्न सापडवला आणि प्रत्येक पात्राला त्याचं एकेक वेगळं उत्तर दिलं.

आता 'मिस्टर इंडिया'कडे. इथली शक्ती आहे अदृश्य होण्याची. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीत ती मिळवणारा शास्त्रज्ञ माणसातून उठतो. आपल्याकडे १९५७ च्या 'मिस्टर एक्स'मध्ये अशोककुमार अदृश्य झाले होते, आणि तेच अशोककुमार तीस वर्षांनी अरुणला त्याच्या वडिलांच्या यंत्राकडे नेणारे प्रोफेसर सिन्हा झाले. निर्मात्यांनी हे जाणून केलं असेल तर त्यांना दाद द्यावी. अरुण वर्मा हा व्हायोलिन शिकवणारा, वाण्याची उधारी आणि घरभाडं थकलेला माणूस. म्हणजे यंत्र मनगटावर बांधण्याआधीच तो कोणाच्या खिजगणतीत नाही. त्याची लेकरं अनाथ आहेत. वरच्या खोलीत राहायला आलेली सीमा वार्ताहर आहे, जे दिसत नाही ते दाखवणं हा तिचा धंदा. ती प्रेमात पडते ती न दिसणाऱ्या मिस्टर इंडियाच्या. समोर उभा असलेला अरुण तिला दिसत नाही. पावसातलं निळ्या साडीतलं ते गाणं लोकांनी भलत्याच कारणासाठी डोक्यावर घेतलं, पण संपूर्ण चित्रपटात सूत्राला धरून असलेला तोच सर्वांत नेमका प्रसंग आहे: एक बाई नसलेल्या माणसाबरोबर नाचते आहे. इथवर सगळे धागे एका दिशेनं ओढले गेलेत. मग मोगॅम्बो येतो आणि धागा सुटतो. सिंहासन, गणवेश, उकळत्या आम्लाचं कुंड, भारतावर रोखलेली क्षेपणास्त्रं. अमरीश पुरी यांनी त्यात जीव ओतला म्हणून आपण विचारत नाही, पण या माणसाचा दिसण्या-न दिसण्याशी संबंध काय? तो कोणत्याही चित्रपटाचा खलनायक होऊ शकला असता. लाल प्रकाशात अदृश्य माणूस दिसतो, ही अट तर निव्वळ पटकथेच्या सोयीची राहते.

सूत्र असं धरू: कोण दिसतं, कोणाला, आणि कधी? ही गोष्ट समुद्राकाठच्या बंगल्यातून उचलून अकोल्यातल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आणली की प्रश्नाला अंग येतं, कारण वऱ्हाडात न दिसण्याची रीतसर कार्यपद्धती आहे. शेतकऱ्यानं जीव दिला तर एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे जिल्ह्याची समिती ठरवते. शेती नावावर आहे का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं आहे का, ते थकलं होतं का, हे बघितलं जातं. मक्त्यानं किंवा बटईनं दुसऱ्याचं वावर वाहणारा, पाहुण्याकडून हातउसने घेतलेला माणूस या चाळणीतून सहज खाली पडतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला तर निंदण-वेचणीत जन्म गेला तरी शेतकरी म्हणवून घेणं जड जातं. अरुणच्या घरातली दहा लेकरं अशा 'अपात्र' घरांतली असू द्या. ती शिकायला शहरात आली आहेत आणि त्यांची गोष्ट कुठल्याच यादीत नाही.

मूळ चित्रपटात भेसळ करणाऱ्या वाण्याला अद्दल घडते, तो प्रसंग कापूस बाजारात नेता येतो. ग्रेडर गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस काढतो, पुंजका दोन अंगठ्यांमध्ये धरून धागा ओढून पाहतो आणि मग आर्द्रतेचं मीटर खुपसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे कपात आणि बाराच्या वर खरेदीच नाही. मीटर चौदा दाखवतं. "भाऊ, दोन दिवस उन्हात पसरला होता, चवदा कसा भरन?" "यंत्र खोटं बोलते काय, काका?" आता मालाची गाडी परत न्यायची की शेजारीच उभ्या व्यापाऱ्याला पडत्या भावात द्यायची, एवढंच उरतं. अशा वेळी मीटर आपोआप हवेत उठून त्याच व्यापाऱ्याच्या ढिगात जाऊन रुतलं आणि तिथे सोळा भरलं, तर टाळ्या अकोल्यातच पडतील असं नाही. विनोद तोच राहिला, फक्त अदृश्य हातानं प्रथमच एक लपलेली गोष्ट उघडी केली.

मोगॅम्बोला मात्र पुन्हा घडवावं लागेल. अदृश्याचा खरा शत्रू म्हणजे ज्याच्याशिवाय दुसरं काही दिसूच नये असा माणूस. चौकाचौकात फ्लेक्स, बियाण्याच्या पिशवीवर फोटो, रुग्णवाहिकेवर फोटो, मदतीच्या किटवर फोटो. बियाणं तोच विकतो, कापूसही तोच घेतो. त्याला अरुणचं यंत्र हवं आहे ते स्वतः गायब होण्यासाठी नाही. तो ते कधी सहनच करू शकणार नाही. त्याला गावं गायब करायची आहेत, यादीतून, पंचनाम्यातून, पैसेवारीतून. आणि मग लाल प्रकाशालाही अर्थ येतो. दप्तराचं लाल बासन, अर्जावरचा लाल शाईतला शेरा, जप्तीच्या नोटिशीवरचा शिक्का. एरवी कोणाला न दिसणारा माणूस वसुलीच्या वेळी बरोबर दिसतो. अरुण लाल उजेडात सापडतो तेव्हा हीच गोष्ट पडद्यावर घडत असते, कोणी ती बोलून दाखवायची गरज नाही. अरुणच्या लेकरांतल्या टीनाचा मृत्यू मूळ चित्रपटातल्यासारखा खेळण्यातल्या बॉम्बनं न होता त्याच भेसळीच्या साखळीतून व्हावा. पहिल्या अर्ध्या भागात आपण ज्यावर हसलो तेच दुसऱ्या भागात घरात शिरतं.

आक्षेप अनेक येतील. पहिला तर असा की 'मिस्टर इंडिया' जसा आहे तसाच गाजला, मसाला चित्रपटाला कसलं आलंय सूत्र? पण वरच्या मांडणीत काय गेलं ते मोजून पाहा. गाणी राहिली, श्रीदेवीचं सोंग घेऊन नाचणं राहिलं (वेषांतर हेही दिसण्याचंच प्रकरण आहे), स्वयंपाकी कॅलेंडर राहिला, गुंडांना बदडणारा बजरंगबली राहिला. गेली ती क्षेपणास्त्रं, आणि त्यांच्यासाठी कोणी हळहळेल असं वाटत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: सूत्र आलं की उपदेश येतो. याला पुरावाही आहे. २०१६ च्या 'अ फ्लाइंग जट्ट'मध्ये प्रदूषण हे एकच सूत्र होतं, खलनायक प्रदूषणावरच पोसलेला होता, तरी चित्रपट भिंतीवरच्या सरकारी घोषणेसारखा झाला. मला वाटतं कारण असं की तिथे प्रश्नाचं उत्तर पहिल्यापासून ठरलेलं होतं. प्रदूषण वाईट, यावर दोन मतं कोणाची? 'कीचकवधा'त युधिष्ठिर मूर्ख नाही, त्याच्या बाजूलाही वजन आहे, म्हणून नाटक तापतं. आपल्या गोष्टीतही गायब राहण्याच्या बाजूनं कोणीतरी पोटतिडकीनं बोललं पाहिजे. तो माणूस प्रोफेसर सिन्हा असावा: दिसलास की सापडलास, लपून जेवढं भलं होतं तेवढं कर, असं सांगणारा आणि बऱ्याच अंशी बरोबर असलेला.

तिसरा आक्षेप वऱ्हाडातून येईल आणि तो सर्वांत खरा आहे. या मातीला एकटा तारणहार नको आहे. इथे जे झालं ते संघटना, सहकार आणि शाळा-वसतिगृहं उभारून झालं. गाडगेबाबांचं उदाहरण कोणीही तोंडावर फेकेल. १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस चिंध्यांचा अंगरखा घालून, खराटा घेऊन गावात शिरायचा, दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून उत्तरं वदवून घ्यायचा. वेष, हत्यार आणि झुंज यांचा इतका घट्ट मेळ कुठल्या सुपरहिरोला साधला नसेल. पण बाबांनी ओळख लपवली नाही, आणि त्यांचं काम खराटा गावकऱ्यांच्या हाती गेल्यावरच पुरं होत होतं. म्हणून आक्षेप मान्य करून शेवट त्यावर बेतावा लागतो. मूळ चित्रपटातही अरुण मोगॅम्बोशी अखेर यंत्राविना झुंजतो, फक्त तिथे ते का, हे कळत नाही. इथे तो भर यार्डात, हर्राशीच्या गर्दीत, पट्टा स्वतःहून काढून ठेवतो आणि सीमाच्या कॅमेऱ्यापुढे अपात्र ठरलेल्या घरांची नावं वाचू लागतो. एक आवाज कमी पडतो तिथे दुसरा पुढचं नाव घेतो. मोगॅम्बोच्या माणसांना आता कोणाला मारायचं ते कळेनासं होतं, कारण दिसणारी माणसं फार झाली.

एक पेच मात्र सुटत नाही. नावं वाचण्याच्या या प्रसंगानं शिट्ट्या पडतील की थिएटर गप्प होईल? गप्प झालं तर तो सुपरहिरोपट उरला का? फेब्रुवारी २०२० मध्ये अली अब्बास जफर यांनी 'मिस्टर इंडिया'वर आधारित चित्रत्रयीची घोषणा केली, तेव्हा आपल्याला कोणी विचारलंही नाही अशी तक्रार शेखर कपूर यांनी जाहीरपणे केली होती. ती चित्रत्रयी अजून पडद्यावर आलेली नाही, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या हाती वेळ आहे. त्यांनी पट्ट्याचं तंत्र किंवा क्षेपणास्त्रांची संख्या ठरवण्याआधी मोगॅम्बोला नेमकं कोणाला गायब करायचं आहे ते ठरवावं; नायक कोण, हे त्यावरून आपोआप ठरेल, आणि हाणामारी यार्डात होईल की बेटावर हेही.