झाडं लावायला डिग्री कशाला?

कोल्हापुरात एखाद्या पोरानं ‘एमएस्सीला पर्यावरणशास्त्र घेतोय’ असं सांगितलं की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘झाडं लावायला डिग्री कशाला पाहिजे?’ विचारणाऱ्याचाही फारसा दोष नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पदवीला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला, आणि बहुतेकांनी तो गाइड वाचून, प्रकल्पाची वही मित्राची उतरवून काढला. तेवढ्यावरच या विषयाबद्दलचं मत बनलं.

आधी झाडांचंच बघू. उघडी जमीन दिसली की खड्डे मारायचे आणि रोपं लावायची, म्हणजे संवर्धन झालं, हा सगळ्यात पक्का समज. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार घ्या. जांभ्या दगडाचा सडा, वर मातीचा जेमतेम थर. उन्हाळ्यात बघणाऱ्याला ती पडीक जमीनच वाटणार. पण पावसाळ्यात अशा सड्यांवर सीतेची आसवं फुलतात. मातीत नत्र नाही, म्हणून ही चिमुकली वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. अशा ठिकाणी बाहेरून माती टाकून सावली देणारी झाडं वाढवली, तर सड्यावरची झाडी वाढेल आणि सडा मरेल.

सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पांचंही तसंच. ती बहुतेक मोकळ्या गवताळ उतारांवर आणि कड्यांच्या कडेला येतात. पावसाळा सरला की वरचा वेल सुकतो, जमिनीत कंद तेवढा राहतो. फुलाची नळी आतून केसाळ असते. माशी आत शिरते, खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत फिरता येत नाही, आणि केस सुकल्यावर ती परागकण घेऊन बाहेर पडते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. एस. आर. यादव यांनी या वनस्पतींवर वर्षानुवर्षं काम केलं. यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ 2002 साली विद्यापीठानंच काढला. कुठे काय उगवतं हे आधी माहीत असावं लागतं. कुठे झाड लावू नये, हे त्याशिवाय कळत नाही.

पाण्याबद्दलचा समज वेगळा. पंचगंगा नदीत मासे मेले की लोक म्हणतात, ‘कुणीतरी विष सोडलं.’ कधी तसं असतंही. पण विषाचा थेंब नसतानाही मासे मरतात. सांडपाण्यातला सेंद्रिय मैला जिवाणू खातात आणि ते करताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. बुडबुडा राहू न देता बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, झाकण लावून उलटसुलट हलवायचं. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी गुदमरलंय. पुढे आम्ल घालून, हायपोनं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटनं, टायट्रेशन करून आकडा काढायचा. मासे जगायला लिटरला किमान 4 मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. शहराचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याच्या तोंडाशी आणि तिथून वर प्रयाग चिखलीला भरलेल्या बाटल्या शेजारी ठेवल्या, तर नदीवर भाषण करायची गरज उरत नाही. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून बाटली भरावीच लागते.

‘नैसर्गिक साधनं म्हणजे जंगल’ असं मानणाऱ्यांनी एकदा शिरोळ तालुक्यात जावं. काळी जमीन, मुबलक पाणी, वर्षानुवर्षं ऊस, आणि निचरा नाही. पाणी साठतं, त्याच्याबरोबर क्षार वर येतात आणि एके काळी सोनं पिकवणारं रान पांढरं पडतं. त्यावर उपाय म्हणून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करतात. मातीतले क्षार मोजणं, पाइपचा उतार आणि अंतर ठरवणं, हेही संवर्धनाचंच शिक्षण आहे. ते भूगोल, रसायन, कृषी अशा कुठल्याही दारानं मिळू शकतं.

आणि त्यासाठी वनसंस्थांसाठी प्रसिद्ध डेहराडूनलाच जायला हवं असंही नाही. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. याच जिल्ह्यात राधानगरी आहे, 1958 साली जाहीर झालेलं अभयारण्य, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत. विद्यापीठाचा 853 एकरांचा परिसरही तळी, झाडं आणि गवत घेऊन दारातच आहे. अभ्यासाला एवढं पुष्कळ झालं.

राहिली नोकरी. इथे मात्र गैरसमज महागात पडतो, आणि तो घरच्यांपेक्षा विद्यार्थ्यांचाच जास्त असतो. पर्यावरणशास्त्राची पदवी घेतली म्हणजे वनखात्याचा रस्ता सरळ झाला, असं अनेकजण धरून चालतात. भारतीय वनसेवेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यापैकी किमान एक विषय लागतो. नाहीतर पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची हवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. म्हणजे मेकॅनिकलचा इंजिनिअर अर्ज भरू शकतो, पण यातला एकही विषय पदवीला नसलेला पर्यावरणाचा पदवीधर भरू शकत नाही. नियम विचित्र आहे, पण आहे. उलट वनरक्षकासाठी पदवी लागतच नाही. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यापैकी एक विषय घेऊन बारावी झालेलं चालतं. वनशास्त्राचीच पदवी हवी असेल, तर राज्यात ती दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत मिळते. म्हणून ज्याला खात्यात जायचंय, त्यानं बीएस्सीला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घ्यावं आणि पर्यावरणशास्त्र एमएस्सीला ठेवावं. आधी लोकसेवा आयोगाची जाहिरात वाचावी, मग प्रवेशाचा अर्ज भरावा.