आयोडीनचे बंद झालेले दार
- विशेष प्रतिनिधी

थायरॉईडचा कर्करोग हा इतर अनेक कर्करोगांच्या तुलनेत आटोक्यात येणारा रोग मानला जातो. त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे आयोडीन. गळ्यातील या ग्रंथीला संप्रेरके तयार करण्यासाठी आयोडीन लागते आणि ती ते रक्तातून सतत खेचून घेत असते. याच गुणाचा उपयोग करून शस्त्रक्रियेनंतर गरजेनुसार रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन-१३१ दिले जाते. फुप्फुसात वा हाडांत पसरलेल्या कर्करोगपेशीही ते शोषून घेतात आणि त्याच्या किरणांनी नष्ट होतात. न्यूयॉर्कचे डॉ. सॅम्युएल सीडलिन आणि सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये या उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आण्विक वैद्यकाच्या क्षेत्रात कार्यरत आहे.

मात्र, काही रुग्णांच्या बाबतीत हे औषध निरुपयोगी ठरते. रोग पसरलेला असतो, पण त्याच्या पेशी आयोडीन घेईनाशा होतात. असे का घडते, याचे उत्तर पेशीच्या अंतर्गत संदेशवहनात दडलेले आहे.

आयोडीन पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीच्या आवरणावरील एक विशिष्ट प्रथिन दोन सोडियम आयनांच्या सोबतीने एक आयोडाइड आयन आत नेते. सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर हे त्याचे नाव. डॉ. नॅन्सी कॅरास्को यांच्या चमूने १९९६ मध्ये त्याचे जनुक शोधून काढले. हे दार उघडे ठेवण्याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून टीएसएच या संप्रेरकामार्फत येतो. म्हणूनच उपचारापूर्वी रुग्णाच्या थायरॉईडच्या गोळ्या काही आठवडे थांबवतात किंवा टीएसएचचे इंजेक्शन देतात. शिवाय आयोडीनयुक्त मीठही वर्ज्य करण्यास सांगतात, जेणेकरून उपाशी पेशी किरणोत्सारी आयोडीन अधिक घेतील.

याच्या विरुद्ध दिशेने काम करणारी दुसरी साखळीही पेशीत असते. रॅस, रॅफ, मेक आणि अर्क ही प्रथिने वाढीचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवतात. निरोगी पेशीत हा निरोप कामापुरता येतो आणि थांबतो. पॅपिलरी प्रकारच्या थायरॉईड कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये बीआरएएफ या जनुकात एक लहानसा बदल आढळतो. त्यामुळे वाढीचा निरोप अखंड सुरू राहतो. पेशी बेसुमार वाढते आणि त्याच वेळी आपले मूळ काम विसरू लागते. सिम्पोर्टरची निर्मिती घटते. कधी ते तयार होऊनही आवरणापर्यंत पोहोचत नाही. उपचाराची वाट तिथेच खुंटते.

मग हा निरोपच रोखला तर? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की असे केल्यास पेशी पुन्हा आयोडीन घेऊ लागतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांच्यावर आयोडीनचा परिणाम होत नव्हता अशा २० रुग्णांना मेकला अटकाव करणारे सेल्युमेटिनिब हे औषध काही आठवडे देण्यात आले. त्यांपैकी १२ जणांत आयोडीनचे शोषण वाढले. आठ जणांना किरणोत्सारी आयोडीन देण्याइतपत ते पुरेसे होते. त्या आठपैकी पाच जणांच्या गाठी आकुंचन पावल्या, तर तिघांचा रोग स्थिर राहिला. २०१५ मध्ये बीआरएएफला थेट रोखणाऱ्या डॅब्राफेनिबच्या छोट्या चाचणीतही दहापैकी सहा रुग्णांत आयोडीनचे नवे शोषण दिसले.

तथापि, यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर नव्याने आयोडीन घेणाऱ्या, धोका अधिक असलेल्या रुग्णांना सेल्युमेटिनिब सरसकट दिल्याने पूर्ण रोगमुक्तीचे प्रमाण वाढले नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. शिवाय या गोळ्यांचे दुष्परिणाम आहेत आणि लाभही सर्वांना सारखा होत नाही. कोणत्या जनुकात बिघाड आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

म्हणूनच आयोडीन लागू पडेनासे झालेल्या रुग्णाने गाठीच्या जनुकीय चाचणीविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलणे श्रेयस्कर. दार बंद झाले म्हणजे ते कायमचे नाहीसे झाले असे नव्हे. काहींच्या बाबतीत ते केवळ चुकीच्या आदेशाने बंद झालेले असते.