अग्रलेखातील इंग्रजी शब्द : अर्थ आणि अभिप्राय

प्रस्तावना

भिलाई हे पोलादाचे शहर आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला आणि 1959 साली त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कामाच्या शोधात देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. भिलाईला लागून असलेल्या रिसालीसारख्या वस्तीत आजही एकाच दिवसात अनेक भाषा कानांवर पडतात. घरात मराठी, बाजारात हिंदी किंवा छत्तीसगढी आणि कार्यालयीन कागदावर इंग्रजी, असा हा व्यवहार असतो.

यांपैकी इंग्रजी आपल्याला प्रयत्नपूर्वक शिकावी लागते. त्यासाठी इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख वाचावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाने 1911 साली नागपुरात सुरू केलेले 'द हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र छत्तीसगडमध्येही वाचले जाते. असे एखादे वृत्तपत्र रोज हाताशी असेल, तर शब्दसंग्रह वाढवण्याचे उत्तम साधन मिळते. मात्र अग्रलेखाचा विषय राजकीय हिंसा असेल, तेव्हा शब्दाचा केवळ कोशातील अर्थ पाहून भागत नाही. अशा लेखातील शब्द घडलेली घटना सांगतो आणि त्याच वेळी तिच्याविषयीचा अभिप्रायही देतो. हे दोन्ही कसे ओळखावे, ते या पाठात आपण पाहू.

1. एकच घटना, निरनिराळे शब्द

आधी आपल्या मराठीकडे पाहू. माणूस मारला गेला हे सांगण्यासाठी मराठीत 'खून', 'हत्या' आणि 'वध' असे शब्द आहेत. आपण कंसाचा 'वध' म्हणतो, 'खून' म्हणत नाही, कारण 'वध' या शब्दात मारणे योग्य होते असा अभिप्राय दडलेला आहे. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींना गोळ्या घालण्यात आल्या. त्या घटनेला मराठीत कोणी 'गांधीहत्या' म्हणतो, तर कोणी 'गांधीवध'. एका शब्दाच्या निवडीवरून लिहिणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे लगेच कळते.

इंग्रजीतही असेच आहे. 'किल' म्हणजे ठार मारणे. अपघात, युद्ध, गुन्हा अशा सर्व ठिकाणी तो चालतो. 'मर्डर' म्हणजे खून, म्हणजेच कायद्याने गुन्हा ठरलेले, हेतुपुरस्सर केलेले कृत्य. 'असॅसिनेशन' हा शब्द सार्वजनिक जीवनातील व्यक्तीच्या, बहुधा राजकीय हेतूने झालेल्या हत्येसाठी येतो. 'मॅसकर' म्हणजे अनेकांची, विशेषतः प्रतिकार करू न शकणाऱ्यांची कत्तल. 'क्लॅश' म्हणजे चकमक. दोन्ही बाजूंनी हिंसा झाली असे हा शब्द सुचवतो. म्हणून एकतर्फी हल्ल्याला 'क्लॅश' म्हटले, तर दोष नकळत दोघांवर वाटला जातो.

2. न्यायालयाची पायरी सांगणारे शब्द

भिलाईच्या इतिहासातील एक प्रकरण या शब्दांसाठी पाहू. शंकर गुहा नियोगी हे दल्ली राजहरा येथील लोहखाणींच्या कामगारांचे आणि पुढे छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते होते. 28 सप्टेंबर 1991 रोजी पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत, राहत्या घरी झोपेत असताना, त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले.

1997 साली दुर्ग येथील न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवले. 1998 साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि इतरांची मुक्तता कायम ठेवली.

या क्रमात बरेच इंग्रजी शब्द आपापल्या जागी बसतात. 'अलेज्ड' म्हणजे ज्याविषयी केवळ आरोप आहे असा. 'अक्यूज्ड' म्हणजे आरोपी. 'कन्व्हिक्टेड' म्हणजे दोषी ठरलेला. 'अक्विटेड' म्हणजे निर्दोष सुटलेला. 'सेट असाइड' म्हणजे आधीचा निकाल रद्द केला आणि 'अपहेल्ड' म्हणजे तो कायम ठेवला. 1997 साली ज्यांना 'कन्व्हिक्टेड' म्हणणे बरोबर होते, त्यांना 1998 नंतर तसे म्हणणे चूक ठरले असते. म्हणून अग्रलेख वाचताना त्याची तारीख पाहण्याची सवय ठेवावी. 'अक्यूज्ड' आणि 'कन्व्हिक्टेड' यांतील अंतर न कळणारा वाचक खटला उभा राहण्यापूर्वीच मनात निकाल देऊन मोकळा होतो.

3. कर्ता कोठे आहे?

1 जुलै 1992 रोजी भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेक कामगार मृत्युमुखी पडले.

आता पुढील दोन मराठी वाक्ये वाचा. 'पोलिसांनी गोळीबार केला.' 'गोळीबार झाला.' पहिल्या वाक्यात कर्ता समोर आहे. दुसऱ्या वाक्यात गोळीबार जणू पावसासारखा आपोआप घडतो. इंग्रजीतील 'किल्ड इन फायरिंग' ही रचना या दुसऱ्या वाक्यासारखी आहे. कर्ता वगळणे हे नेहमीच लपवाछपवीचे लक्षण नसते. हल्लेखोर कोण हे ठाऊक नसेल, तर अशीच रचना योग्य ठरते. पण कर्ता ठाऊक असूनही तो वाक्यात नसेल, तर वाचकाने 'कोणी?' असा प्रश्न विचारावा.

4. अनेक अर्थांचे शब्द

काही शब्द कारखान्यात एका अर्थाने आणि अग्रलेखात दुसऱ्या अर्थाने भेटतात. 'चार्ज' म्हणजे झोतभट्टीत टाकला जाणारा कच्चा माल. न्यायालयात 'चार्ज' म्हणजे आरोप आणि रस्त्यावर 'लाठीचार्ज' म्हणजे लाठीहल्ला. 'स्ट्राइक' म्हणजे संप, तसाच हल्लासुद्धा. 'फायरिंग' म्हणजे गोळीबार आणि कामावरून काढून टाकणेही. 'कन्व्हिक्शन' म्हणजे दोषसिद्धी, तर दुसऱ्या वाक्यात त्याचाच अर्थ ठाम धारणा असा होतो. असा शब्द आला की आधी संपूर्ण वाक्य वाचावे आणि मगच कोश उघडावा.

5. संपादकाचे मत सांगणारे शब्द

बातमी काय घडले ते सांगते. अग्रलेख काय व्हायला हवे ते सांगतो. म्हणून त्यात 'शुड' आणि 'मस्ट' ही क्रियापदे वारंवार येतात. 'कन्डेम' म्हणजे तीव्र निषेध करणे, तर 'डिप्लोर' म्हणजे खेदपूर्वक नापसंती व्यक्त करणे. 'जस्टिफाय' म्हणजे समर्थन करणे आणि 'एक्स्प्लेन' म्हणजे कारण उलगडून दाखवणे. या शेवटच्या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. हिंसेचे कारण सांगणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे मराठी वृत्तपत्राच्या इतिहासात नोंदलेले आहे. 30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूर येथे बॉम्ब टाकला गेला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रियांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त या घटनेवर अग्रलेख आले. त्यांतील दोन लेखांवरून मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. लेख मराठीत होते. ज्यूरीतील बहुसंख्य सदस्य युरोपीय होते आणि त्यांच्यासमोर इंग्रजी भाषांतर ठेवण्यात आले. आपल्या शब्दांचे भाषांतर बरोबर झालेले नाही, असा टिळकांचा एक मुख्य आक्षेप होता. तो मान्य झाला नाही. 22 जुलै 1908 रोजी त्यांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा सुनावण्यात आली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

6. वहीची पद्धत

शब्दांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा दररोज पाचच शब्द घ्यावेत. वहीत चार रकाने आखावेत. पहिल्यात शब्द आणि दुसऱ्यात त्याचा त्या वाक्यातील मराठी अर्थ लिहावा. तिसऱ्यात तो शब्द कोणी, कोणाविषयी वापरला ते लिहावे. चौथ्यात त्याच जागी बसू शकला असता असा दुसरा शब्द लिहावा. 'मिलिटंट' या शब्दासमोर 'टेररिस्ट' किंवा 'रिबेल' लिहून पाहिले, म्हणजे संपादकाने काय निवडले आणि काय सोडले, ते दिसू लागते. शक्य असल्यास त्याच घटनेवरील मराठी किंवा हिंदी अग्रलेखही वाचावा.

अशा रीतीने शिकलेला शब्द परीक्षेनंतर विसरला जात नाही. एखादी नोटीस, पोलिसांचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश हाती पडला, तर तो दुसऱ्याच्या तोंडून समजून घेण्याची वेळ आपल्यावर येत नाही.

स्वाध्याय

1. 'खून', 'हत्या' आणि 'वध' या शब्दांतील भेद प्रत्येकी एका वाक्याने स्पष्ट करा.
2. 'अक्यूज्ड', 'कन्व्हिक्टेड' आणि 'अक्विटेड' हे शब्द खटल्याच्या कोणत्या पायरीवर वापरावेत?
3. या आठवड्यातील एक इंग्रजी अग्रलेख निवडा. त्यातील कर्ता वगळलेली दोन वाक्ये शोधा आणि कर्ता घालून ती मराठीत लिहा.