हिवाळ्यात नळ व टाकीची निगा
सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याखाली १० अंशांपेक्षाही खाली जाते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे नळीतील बर्फ व बंद तोटी यांमध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून नळी फुटते. गळती मात्र बर्फ वितळल्यावरच ध्यानी येते. यास्तव टाकी शक्यतो घरात बसवावी, उघड्या नळ्यांस उष्णतारोधक आवरण घालावे आणि रात्री मुख्य झडप बंद करून नळ्या रिकाम्या कराव्यात. नळी गोठल्यास प्रथम तोटी उघडावी व तोटीकडून मागे सरकत गरम पाण्यात भिजविलेल्या फडक्याने शेकावे, म्हणजे वितळलेल्या पाण्यास वाट मिळते. ज्योत कदापि लावू नये. त्यायोगे आत वाफ कोंडून नळी फुटण्याचा व घरास आग लागण्याचा धोका असतो.